हजार टाका, दोन हजार दिसतील

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पैसा येण्याचा रस्ता वेगळा आणि जाण्याचा वेगळा. येण्याचा रस्ता सेतू केंद्रावरून जातो. पीएम किसानचे दोन हजार यायचे असोत की लाडक्या बहिणीचे पंधराशे, आधी ई-केवायसी. आधारवर नाव पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर आणि सातबाऱ्यावर अजून आजोबाच. एकाच माणसाची सरकारदरबारी तीन माणसं झालेली. अंगठा ठेवावा तर कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेषा पुसलेल्या. मशीन सांगतं, पुन्हा प्रयत्न करा. कापूस सीसीआयला घालायचा तर २०२५ च्या हंगामापासून त्यालाही ‘कपास किसान’ नावाचं ॲप. नोंदणी झाली, तारीख मिळाली, गाडी केंद्रावर लागली, की ओलावा मोजणारं यंत्र कापसात घुसतं आणि काटा बारा टक्क्यांच्या वर गेला तर गाडी माघारी.

जाण्याचा रस्ता मात्र चौपदरी. पोकरच्या ॲपवर खातं उघडायला पॅन, आधार, एक सेल्फी आणि दोन मिनिटं पुरायची. अंगठा नको, ओलावा मोजणं नको, साहेब जेवायला गेले नाहीत. उलट दारातच औक्षण: ‘पहिल्या भरण्यावर १०० टक्के बोनस!’ हजार टाका, दोन हजार दिसतील. यातला ‘दिसतील’ हा एवढाच शब्द प्रामाणिक होता, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पत्ते आम्हाला नवे नाहीत. तीन पत्ती, रमी, एक्का-बादशहा या विषयांत जिल्ह्यात पिढीजात विद्वान आहेत. पोकर मात्र थेट मोबाइलमधून उतरला, मध्ये कुठल्या पाराला त्याचा पाय लागला नाही. दोन पत्ते हातात, पाच सगळ्यांच्या समोर, आणि जवळ काही नसताना चेहरा असा ठेवायचा की सगळं आपल्याचजवळ आहे. ही शेवटची कला ग्रामपंचायतीच्या निवडणुका लढवलेल्यांना शिकवावी लागली नाही.

त्यात जाहिराती. मोठमोठे नट आणि क्रिकेटवाले सांगायचे, खेळा, जिंका, करोडपती व्हा. शेवटी एक गृहस्थ, मागे कुत्रं लागल्यागत, एका दमात म्हणून टाकायचे की या खेळात आर्थिक जोखीम आहे, त्याची सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. अशाच एका जाहिरातीवरून ऑगस्ट २०२३ मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले तेव्हाचे आमदार बच्चू कडू थेट मुंबईला सचिन तेंडुलकरांच्या घरासमोर आंदोलनाला जाऊन बसले होते. आमच्याकडच्या पोरांनी ते आंदोलन मोबाइलवरच पाहिलं. मध्ये दोनदा रमीची जाहिरात आली.

हा जुगार की खेळ, असं विचाराल तर कोर्टातसुद्धा एकमत नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या खात्यात टाकलं. हे ऐकून आमच्या भागातल्या तीन पत्तीवाल्यांचा आजही अपमान होतो. आयुष्यभराची तपश्चर्या वाया गेल्यासारखं वाटतं. पोकरचं तर आणखी त्रांगडं. बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगारातून वगळलं, आणि गुजरात हायकोर्टाने २०१७ साली तो नशिबाचाच खेळ ठरवला. म्हणजे अहमदाबादहून हावड्याला जाणाऱ्या गाडीत कुणी डाव मांडला, तर निघताना तो जुगार आणि पोचताना कौशल्य. आमच्या धामणगाव स्टेशनावरून गाडी जाताना तो नेमका काय असतो, हे टीसीलाच ठाऊक.

बोनसचा उलगडा मात्र कुठल्या कोर्टाने नाही, एका गुरुजींनी केला. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवून निवृत्त झालेले. जून २०२४, मृग लागलेला पण पाऊस न लागलेला. दारव्हा रोडवरच्या टपरीवर गुरुजी चहा घेत होते आणि शेजारी त्यांचा भाचा बसला होता. भाचा पोलीस भरतीची तयारी करत होता, म्हणजे तसं घरी सांगितलेलं होतं.

“मामाजी, हजार टाकले का हजार फुकट भेटते.”

गुरुजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. “फुकट? कायले?”

“बोनस हाये ना.”

“पण त्याचं तुह्याशी नातं काय? तू त्याचा जावई हायेस का? दाखव तो कागद.”

कागद म्हणजे मोबाइलमधल्या अटी. अक्षर मोहरीएवढं. गुरुजींनी दोन बोटांनी ते मोठं केलं, खिशातून विजेचं बिल काढलं, उलटं केलं आणि भाच्याच्याच पेनाने हिशेब मांडला. विजेच्या बिलाची मागची बाजू कोरी असते, हा त्या खात्याचा आमच्यावरचा एकमेव उपकार.

पहिली वजाबाकी जीएसटीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळात खात्यात टाकलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसायला लागला होता. त्याआधी तो फक्त कंपनीच्या फीवर लागायचा, १८ टक्के. म्हणजे टाकलेल्या हजारात आधीच कर मिसळलेला.

“हजार भागिले एकशे अठ्ठावीस, गुणिले शंभर,” गुरुजी पुटपुटले. “सातशे एक्याऐंशी रुपये पंचवीस पैसे. म्हंजे पत्ता हाती याच्या आंधीच दोनशे अठरा रुपये पंचाहत्तर पैसे गेले. एकही डाव न खेळता!”

“ते कंपनी परत देते ना मामाजी. पॉईंटमंधी.”

“पॉईंटवर किराणा भेटते?”

“नाई. खेळता येते.”

“मंग ते परत देणं नाई झालं. पोराच्या हातचा लाडू घेऊन त्याले लाडवाचं चित्र देणं झालं.”

दुसरी अट बोनसची. बोनस खात्यात दिसतो, पण त्याला कुलूप असतं. पोकरमध्ये ॲप स्वतः खेळत नाही. ते कुणाशी जिंकत नाही, कुणाशी हरत नाही. प्रत्येक डावाच्या रकमेतून ते आपला हिस्सा काढून घेतं, साधारण पाच टक्के. त्याला रेक म्हणतात. तुमच्या वाट्याचा रेक जसजसा कापला जाईल तसतसा बोनस सुटणार. भाच्याच्या ॲपवर दर शंभर रुपये रेकमागे वीस रुपये सुटायचे आणि मुदत होती साठ दिवस. थोडक्यात, बोनस ठिबकनं येणार, पण मोटर आपल्या पैशाच्या विजेवर चालवायची.

गुरुजींचं पेन आता थांबेना. हजाराचा बोनस पूर्ण सुटायला पाच हजार रुपये रेक कापला जायला हवा. पाच टक्क्यांनी पाच हजार म्हणजे टेबलावर भाच्याच्या हातून एक लाख रुपये फिरायला हवेत. भाचा बसणार एक-दोन रुपयांच्या टेबलावर. तिथे एका डावात त्याचे सरासरी वीस रुपये लागले तर रेक एक रुपया. म्हणजे पैसे लावलेले पाच हजार डाव. शहाणा माणूस चारातले तीन डाव पत्ते पाहून सोडून देतो, म्हणजे एकूण वीस हजार डाव. तासाला साठ-पासष्ट डाव धरले तर तीनशेच्या वर तास. भागिले साठ दिवस.

“दिवसाले पाच तास,” गुरुजींनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. “दोन महिने, बिनसुट्टी. ही तर नोकरी झाली बाप्पा! अन् पगार? दोन महिन्याचे मिळून हजार रुपये. रोजगार हमीवर गेला तर दोनशे सत्त्याण्णव रुपये रोज हाये. साठ दिवसाचे किती झाले, सांग.”

भाचा गप्प. पोलीस भरतीला अंकगणित असतं, हे त्याला त्या दिवशी आठवलं असावं.

“सतरा हजार आठशे वीस.”

इथे गुरुजींना अभिमानाचा झटका येणं साहजिक होतं. रोजगार हमी योजना महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री होते आमच्या पुसदचे वसंतराव नाईक. ज्या जिल्ह्याने राज्याला हाताला काम देणारा मुख्यमंत्री दिला, त्या जिल्ह्यातला पोरगा अंगठ्याला काम शोधत होता. “एवढे तास मैदानावर पळशीन,” गुरुजी म्हणाले, “तर सोळाशे मीटरमंधी पैकीच्या पैकी घेशीन.”

तिसरी अट जिंकल्याची. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. हरलात तर आत येतानाचा जीएसटी भरलेलाच आहे, जिंकलात तर बाहेर पडताना टीडीएस. महिन्याला शंभर रुपयांपर्यंतच्या निव्वळ जिंकण्यावर मात्र टीडीएस कापायचा नाही, अशी सूट होती. “पाह्य,” गुरुजी म्हणाले, “सरकार गरिबाचा इचार करते.”

शेवटची अट अशी, की कंपनी कोणतीही पूर्वसूचना न देता या अटी कधीही बदलू शकेल. गुरुजींनी चष्मा परत कपाळावर चढवला आणि चहाचे पैसे दिले. त्या पूर्ण व्यवहारात रोख पैसे मिळालेला चहावाला हा एकटाच.

भाच्याने सगळा हिशेब शांतपणे ऐकून घेतला. मामाचं गणित बरोबर आहे, हे कबूलही केलं. आणि रात्री हजार टाकले. कारण मामाजवळ गणित होतं, पण त्याच्या दोस्ताला पहिल्याच रात्री सोळाशे लागले होते. आपल्याकडे गणितापेक्षा दोस्ताचा अनुभव मोठा. दोस्ताचे पुढे काय झाले, ते दोस्त सांगत नाही.

पंधरवड्यात हजार संपले. तोवर बोनस सुटला चाळीस रुपये. तेही खेळून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर निरोप: ‘तुमची आठवण येते. आज ५०० टाका आणि ५० टक्के बोनस मिळवा.’ घरी भाच्याला कुणी एवढ्या प्रेमाने हाक मारत नाही. त्याची आई हाक मारते ती ‘म्हशीले पाणी दाखवलं का’ म्हणून.

न्यायाने बोलायचं तर पोकरला अक्कल लागते. पत्त्यांची शक्यता मोजावी लागते, डाव सोडण्याचा संयम लागतो, समोरच्याची नियत ओळखावी लागते. पण ही अक्कल ज्याच्याजवळ आहे त्याला जिंकायला कुणीतरी बिनअकलेचा लागतो. ॲपला तर दोघेही हवेत, कारण रेक दोघांकडून निघतो. जुने खेळाडू टेबलावर वाट बघत बसलेले, त्यांना रोज ताजा माणूस पुरवायचा, तर दारात काहीतरी चमकणारं टांगावं लागणारच. बोनस हा नव्या माणसासाठी नसतोच. नवा माणूस हाच जुन्यांसाठी बोनस असतो. हे एकदा समजलं की अटी वाचण्याची गरज उरत नाही.

या बाबतीत आमचे जुने अड्डे बरे होते, असं म्हणणार नाही. पण सरळ होते. शेतशिवारात झाडाखाली सतरंजी, मध्ये दिवा, आणि अड्डेवाला प्रत्येक डावातून सगळ्यांच्या देखत आपली नाल काढून घ्यायचा. तिला तो स्वागतमूल्य, निष्ठागुण वगैरे म्हणत नसे. पोलिसांची धाड पडली की १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ लागायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ: ५२ पत्ते, रोख रक्कम, मोबाइल, दुचाक्या असा मुद्देमाल जप्त. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला कायदा, पण त्याला जागेचा पत्ता तरी असायचा. आणि खिसा रिकामा झाला की अड्डेवाला म्हणायचा, “भाऊ, आता घरी जा, वहिनी वाट पाहून राह्यली.” ॲपला नेमक्या त्याच क्षणी तुमची आठवण येते.

मग आलं २०२५. जुलैमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत रोहित पवारांनी पुढे आणली. कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ बंद करत होतो. यात तथ्य किती ते बाजूला ठेवू, पण अशा जाहिरातींची बंद करायची फुली तिळाएवढी असते आणि तिच्यावर बोट ठेवलं की हमखास खेळच उघडतो, याची साक्ष अख्खा जिल्हा देईल. महिनाअखेरीस त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. कापसाच्या भावाची वाट पाहणाऱ्या आमच्या पारावर यावर एकच प्रश्न निघाला: “त्याईले बोनस किती भेटला?”

पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने डावच मोडला. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही. एरवी आमची एक पुलाची फाइल या तीन दिवसांत एका टेबलावरून उठतसुद्धा नाही. आणि २२ ऑगस्टला होता पोळा! विदर्भात पोळा म्हणजे बैलांचा सण आणि पत्त्यांचाही. त्या दिवशी पोलिसांना बैलांपेक्षा सतरंज्यांवर जास्त नजर ठेवावी लागते. नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत देशातल्या सगळ्या पैशांच्या ॲपवर धाड पडली. पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचं जू उतरतं. त्या वर्षी ॲपवाल्यांचंही उतरलं.

कायदा साधा आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच त्याने निकालात काढला. पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने ऑनलाइन खेळता, मग बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही; त्याला ती आधीच झालेली आहे, असं संसदेला वाटलं असावं. मोठ्या कंपन्यांनी पैशांची टेबलं उठवली, भरणा बंद केला आणि उरलेले पैसे काढून घ्या म्हणून निरोप पाठवले. बोनसची आठवण त्या निरोपात कुणी काढली नाही. आणि गंमत पुढेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, त्यात या पैशांच्या खेळांवरचा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. दुकानाला कुलूप घालून मग भाडं वाढवणारा घरमालक आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

आता सगळं थांबलं, असं समजू नका. समोरचं दार बंद झालं, मागची खिडकी उघडी आहे. टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ मिळते. कंपनी कुठल्या देशात आहे ते विचारायचं नाही. पैसे ज्या खात्यात टाकायचे ते दर आठवड्याला बदलतं. कधी कुणा ट्रेडर्सचं, कधी एखाद्या कॉलेजच्या पोराचं, ज्याने चार पैशांसाठी आपलं बँक खातं भाड्याने दिलेलं असतं. जिंकलात आणि चुकून पैसे आलेच, तर ते कुणा दुसऱ्या फसलेल्याचे निघतात आणि मग पोलिसांच्या पत्रावरून तुमचंच खातं गोठतं. त्यात पीएम किसानचे दोन हजारही अडकतात. केवायसीला तीन महिने घालवून आणलेले!

बोनस मात्र तिथे आणखी मोठा आहे. कुठे तीनशे टक्के, कुठे पाचशे. साहजिकच आहे; ज्याला द्यायचंच नाही त्याने आकडा लहान कशाला लिहावा? पूर्वीच्या ॲपला निदान अटी होत्या, गुरुजींना त्या वाचता आल्या. इथे अट एकच, आणि ती लिहिलेली नसते: टाकलेलं परत मागायचं नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या तमाम भाच्यांना एकच सांगणं. ज्याला खरंच पैसे द्यायचे असतात, तो आधी तुमच्याकडून घेत नाही. बोनसचा आकडा मोठा दिसला की विजेचं बिल उलटं करा आणि एक भागाकार करून बघा. आणि तोवर पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तिथे ताबडतोब फोन लावा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. तिथे कोणताही बोनस मिळत नाही, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.